जितकी काळी, तितकी हिरवी

किरणसखी हे यंत्र अत्यंत समतावादी होते. ते बाईला जात विचारत नसे, धर्म विचारत नसे, आणि तिचा वंश विचारणे तर कंपनीच्या धोरणात गुन्हाच होता. बाईने आत यावे, पडद्याआड पदर बाजूला करावा, चार मिनिटे मऊ खुर्चीत पुढे रेलून बसावे आणि चिठ्ठी घेऊन घरी जावे. चिठ्ठी हिरवी आली तर स्तनाच्या कर्करोगाची चिंता दोन वर्षे नाही. पिवळी आली तर जिल्ह्याच्या इस्पितळात सोनोग्राफी, आणि लागली तर सुई, म्हणजे सुईने आतला कण काढून तपासणे. दोन हजार एकोणचाळीस सालापर्यंत प्रत्येक तालुक्याला एकेक किरणसखी मिळाली होती. काही तालुक्यांना अजून पिण्याचे पाणी मिळायचे होते, पण क्रम कुठूनतरी लावावाच लागतो.

सांबरकोपच्या केंद्रात हे यंत्र चालवायची सावंत्री परसू सिद्दी. काही शतकांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत कोंबून आणलेले आणि पुढे मालकांच्या हातून निसटून रानात शिरलेले जे लोक, त्यांची ही लेक. केस कुरळे, रंग दाट काळा आणि मराठी अशी की तालुक्याच्या बाजारात भाव करताना भलेभले हात टेकत. तरी बसमध्ये आठवड्याला एकदा तरी कुणीतरी विचारीच, "मॅडम, तुम्ही कुठल्या देशाच्या?"

"मैनगाळीच्या," ती म्हणे. "इथून सात किलोमीटर. व्हिसा लागत नाही, पण चिखल लागतो."

कंपनीला तिचे फार कौतुक होते. कॅलेंडरवर ऑगस्ट महिन्यात तिचा फोटो छापला होता, खाली 'किरण सर्वांसाठी'. फोटोत तिचा रंग दोन छटा उजळ होता. छपाईत नीट येत नाही म्हणे.

कौतुकाला कारणही होते. मैनगाळीच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या सिद्दी बायका आधी यंत्राचे नाव काढू देत नसत. "त्या डब्यापुढं उघडं बसायचं? तूच बस!" सावंत्री घरोघरी गेली. कवंदी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी, शिवत बसलेल्या बायकांत मांडी घालून बसली, दोन-दोन वीत टाके घातले आणि म्हणाली, "मीच बसवीन, मीच चिठ्ठी देईन. माझ्यावर विश्वास हाय का न्हाई?" दोन वर्षांत तीनशे बारा बायका आल्या. तीनशे बाराच्या तीनशे बारा चिठ्ठ्या हिरव्या.

सांबरकोपच्या पेठेत शंभर बायकांमागे आठ-दहा चिठ्ठ्या पिवळ्या निघत. मैनगाळीत एकही नाही, हे कसे? हा प्रश्न कुणाला पडला नाही. कंपनीने प्रशस्तिपत्र पाठवले. वाडीने दमाम वाजवून फेर धरला. आणि सावंत्रीला, जिला हा प्रश्न सगळ्यांआधी पडायला हवा होता, तिला अभिमान वाटला. आपली माणसे रानातली, राबणारी, अंगाने घट्ट. आपल्याला नाही होत असली शहरी दुखणी. शेकडो वर्षे लोकांनी आपल्याला 'राकट' म्हणून हिणवले, त्याचे पहिल्यांदाच कुणीतरी हिरवे प्रमाणपत्र दिले होते.

मग एका सोमवारी दुपारी तिची थोरली बहीण रेणका केंद्रावर आली.

"आक्का? आज कशी काय वाट चुकलीस?"

"काय न्हाई गे. इकडं बाजारात आलेली." रेणका स्टुलावर बसली. एक्केचाळीस वर्षांची, पाठीचा कणा सागासारखा. पिशवीतून फणसाचे गरे काढून तिने टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "हिरव्या चिठ्ठीत गाठ बसती का गे?"

"कसली गाठ?"

"हितं." तिने डावीकडे काखेच्या जरा अलीकडे बोट ठेवले. "पाडव्याला हरभऱ्याएवढी होती. आता लिंबाएवढी हाय."

सावंत्रीच्या हातातला गरा हातातच राहिला. "पाडव्याला? आक्का, चार महिने झाले! बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तूच चिठ्ठी दिलीस की. हिरवी. म्हटलं, मशीनला दिसलं न्हाई ते मला कुठलं दिसायला? रक्ताची गाठ असंल, जाईल. शेजारची मालू म्हणली दाखव, तर तिच्यावरच खेकसले. म्हटलं, माझी बहीण हाय मशीनवर. ती काय खोटी चिठ्ठी देईल?"

सावंत्रीने तिला त्याच मिनिटाला खुर्चीत बसवले. यंत्र गुणगुणले, चार मिनिटांनी चिठ्ठी आली. हिरवी. खाली बारीक अक्षरात: खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

तिने स्वतःची बोटे गाठीवर ठेवली. दगड होता. बोटांची खात्री शंभर टक्के होती.

केंद्राच्या डॉक्टर मिरजींनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. भला माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, म्हणजे भलेपणाला सर्वांत धोक्याचा काळ. त्यांनी लगेच संगणकावर सुईच्या तपासणीची मागणी टाकली. संगणकाने लगेच नाकारली: हिरव्या चिठ्ठीच्या मुदतीत सुई-तपासणी अनावश्यक, मागणी करणाऱ्या डॉक्टरची नोंद घेतली आहे.

"खाजगीत जाऊ," सावंत्री म्हणाली.

"सगळी इस्पितळं याच जाळ्यात आहेत, बाई. चिठ्ठी हिरवी असताना कोणी सुई टोचली तर त्याचा परवाना जातो. अनावश्यक उपचार थांबवण्यासाठीच तर केलाय हा नियम. चांगल्या हेतूने."

"मग हिची मुदत कधी संपती?"

"आज पुन्हा हिरवी आली ना?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आजपासून दोन वर्षं."

रेणका दोघांकडे बघत होती. "म्हणजे मी आज आले नसते, तर बरं झालं असतं?"

टेबलावरचे गरे तसेच राहिले.

किरणसखीचे शास्त्र तसे सुंदर होते. सावंत्रीला ते प्रशिक्षणात शिकवले होते आणि ती ते बायकांना असे सांगे: विजेनंतर गडगडाट होतो ना, तसेच. यंत्र अंगात प्रकाशाचा एक अगदी छोटा ठोका मारते. आतले रक्त तो प्रकाश पिते, केसभर तापते, केसभर फुगते आणि त्या फुगण्याचा बारीक आवाज होतो. यंत्र तो आवाज ऐकते. कर्करोगाची गाठ अधाशी असते, ती आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे ओढून घेते. जिथे रक्ताचा गलबला जास्त, तिथे संशय. क्ष-किरण नाहीत, दाबणे नाही, दुखणे नाही.

एवढेच, की प्रकाश पिणारे रक्त एकटे नाही. कातडीतला काळा रंगही प्रकाश पितो, आणि तो तर दारातच बसलेला असतो. गोऱ्या कातडीतून प्रकाश सरळ माजघरात जातो. काळ्या कातडीत त्याला ओसरीवरच अडवतात. आत पोचतो तो उरलासुरला, त्यामुळे आवाज येतो तो क्षीण. आता शहाण्या यंत्राने म्हणावे, मला नीट ऐकू आले नाही. पण कंपनीने किरणसखीला लाखो बायकांच्या नोंदींवर शिकवले होते, आणि त्यांत अशा रंगाच्या बायका जवळपास नव्हत्याच. ती एवढेच शिकली होती: गलबला म्हणजे रोग, शांतता म्हणजे आरोग्य. मैनगाळीच्या बायकांच्या अंगात तिला फार शांतता ऐकू येई.

हे सगळे सावंत्रीला त्या सोमवारी माहीत नव्हते. तिला मंगळवारी सकाळी कळले, रबरबाईमुळे.

रबरबाई म्हणजे चाचणीचा पुतळा. पिठुळ रंगाचा, छातीएवढा रबराचा गोळा, आत हरभऱ्याएवढी तांबडी गोळी पुरलेली. रोज सकाळी पहिली बाई खुर्चीत बसायच्या आधी रबरबाईला बसवायचे. यंत्राला आतली गोळी सापडली की सकाळची चाचणी उत्तीर्ण आणि दिवस सुरू. नाही सापडली तर यंत्र आपोआप कुलूपबंद. सहा वर्षांत रबरबाई एकदाही नापास झाली नव्हती.

त्या सकाळी सावंत्रीने तिला उचलले तेव्हा पिठुळ रबरावर आपली बोटे तिला दिसली. रोजच दिसत असणार. पण आज ती बघत राहिली. मग तिने पर्समधून काजळाची डबी काढली.

काजळाचे बरे असते, ते कुठलाच प्रकाश सोडत नाही. तिने ते खोबरेल तेलात कालवले, आपल्या मनगटाशी ताडून बघत रबरबाईवर बोटाने सारखे पसरले आणि यंत्र सरावाच्या खटक्यावर टाकले. पातळ थराला चिठ्ठी पिवळी आली. मध्यम थराला हिरवी, खात्री नव्वद टक्के. मनगटाशी तंतोतंत जुळलेल्या थराला हिरवी, खात्री नव्व्याण्णव. आत गोळी तशीच होती. जितकी काळी, तितकी हिरवी.

डॉक्टर आत आले. "हे काय? काजळ?"

"बाहुलीला दृष्ट लागू नये म्हणून," सावंत्री म्हणाली आणि तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

डॉक्टरांनी त्या एकेक करून वाचल्या. मग खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाले, "आफ्रिकी वंशाच्या बायकांत एका जातीचा कर्करोग लहान वयात येतो आणि भराभर वाढतो. अमेरिकेत हे कधीचं माहीत आहे. तिथल्या काळ्या बायका त्याने जास्त मरतात, आणि उशिरा सापडल्याने आणखी जास्त."

"आणि आमच्यात?"

"तुमच्यात कुणी बघितलेलंच नाही."

"मागच्या वर्षी गंगी गेली. तिच्या आदल्या वर्षी हुसेनबी. दोघींच्या चिठ्ठ्या मीच..." तिचा आवाज रडका झाला नव्हता. तो चुलीतल्या ओल्या लाकडासारखा फुसफुसत होता. "कागदावर त्या कशानं मेल्या, डॉक्टर?"

"अशक्तपणा," डॉक्टर म्हणाले. दाखल्यांवर सही त्यांचीच होती.

सावंत्रीने तिन्ही चिठ्ठ्या कंपनीला पाठवल्या आणि बुधवारी संगणकाच्या पडद्यावर बैठक झाली. पलीकडे कंपनीचे विभागीय व्यवस्थापक चांदोरकर आणि तांत्रिक समितीचे एक प्राध्यापक. दोघेही अतिशय सौजन्यशील होते. सौजन्य ही अशी गोष्ट आहे की तिच्याखाली काहीही पुरता येते.

"सावंत्रीताई, तुमची तळमळ पोचली," चांदोरकर म्हणाले. "पण काजळ हे मान्यताप्राप्त साहित्य नाही."

"मग मान्यताप्राप्त काळं पाठवा."

प्राध्यापक हसले. "प्रश्न आकडेवारीचा आहे. एखाद्या गटात यंत्र चुकतं हे सिद्ध करायला किमान हजार बायका लागतात. तुमच्या तालुक्यात सिद्दी किती?"

"ते तुम्हालाच माहीत पाहिजे. फॉर्मवर तुम्ही विचारलं असतं तर."

"विचारत नाही, कारण आम्ही भेदभाव करत नाही."

"माझ्याकडं तीनशे बारा आहेत. त्यांतल्या दोन गेल्या. तिसरी माझी बहीण आहे."

"तोच मुद्दा. तीन. हा आकडा फार लहान पडतो."

"किती मेल्या की पुरेल?" सावंत्रीने विचारले. "तेवढं सांगा. मी वाडीत निरोप देते."

पडद्यावर थोडी शांतता झाली, किरणसखीला आवडेल अशी. मग चांदोरकर मायेने म्हणाले, "ताई, आम्ही माणसाचा रंग बघतच नाही."

"तुम्ही नाही बघत, साहेब. तुमचं मशीन तेवढाच बघतं. आत काही बघतच नाही."

संध्याकाळपर्यंत समितीचा तातडीचा उपाय आला. अपेक्षेपेक्षा फारच वेगाने आला, म्हणजे तो आधीपासून कपाटात तयार असणार. सावळ्या वर्णाच्या महिलांनी तपासणीपूर्वी तीन आठवडे त्वचा उजळवणारी क्रीम लावावी. नमुन्याच्या ट्यूब सोबत पाठवीत आहोत. सावंत्रीने ते पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा तिला हसू आले. दुसऱ्यांदा तिने नियमपुस्तिका काढली.

नियमपुस्तिका कुणी वाचत नाही. लिहिणाऱ्यांनीही वाचलेली नसते, म्हणून तिच्यात कधीकधी न्याय सापडतो. कलम चौदा: चाचणी-पुतळ्याचा पृष्ठभाग तपासणीस येणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेशी मिळताजुळता असावा. कलम पंधरा: सकाळची चाचणी अनुत्तीर्ण झाल्यास त्या दिवशीच्या सर्व स्त्रियांस केंद्राच्या वाहनाने जिल्हा इस्पितळात नेऊन सोनोग्राफी व गरजेनुसार सुई-तपासणी करावी, अशा दिवशी पूर्वीची चिठ्ठी ग्राह्य धरू नये.

गुरुवारी सकाळी नावे लावलेल्या एकवीस जणींत नऊ सिद्दी होत्या. पहिले नाव रेणकाचे. सावंत्रीने काजळ कालवले, रबरबाईला लावले आणि या वेळी सरावाचा खटका न दाबता खरी चाचणी घेतली. यंत्राने गोळी नसल्याचे नव्व्याण्णव टक्के खात्रीने सांगितले. मग गोळी असल्याचे त्याच्याच स्मरणात असल्याने ते स्वतःवर नापास झाले आणि कुलूपबंद झाले. सावंत्रीने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले: अनुत्तीर्ण. कलम चौदाप्रमाणे.

डॉक्टर मिरजी दारात उभे होते. खाली प्रभारी अधिकाऱ्याची सही लागत होती.

"दीड वर्ष राहिलंय हो माझं," ते म्हणाले.

"माझ्या बहिणीचं किती राहिलंय ते सांगा."

त्यांनी सही केली.

गाडीत एकवीस बायका बसल्या. त्यांत नगराध्यक्षा शैलजाताईही होत्या. रंगाने केतकी, आवाजाने नगारा. त्यांना अकरा वाजता हळदीकुंकवाला पोचायचे होते.

"दर वेळी मला चार मिनिटांत हिरवी मिळते!" त्या कडाडल्या. "ही काय नवी थेरं?"

"मशीन नापास झालंय, ताई."

"कशात नापास?"

"काळ्यात."

"मग माझा काय संबंध?"

"आज पहिल्यांदाच आलाय," सावंत्री म्हणाली आणि गाडीचे दार लावले.

शुक्रवारी तेच झाले. शनिवारी कंपनीचा इंजिनियर आला. त्याने रबरबाई साबणाने धुतली, यंत्र उत्तीर्ण झाले. सावंत्रीने कलम चौदा उघडून त्याच्यापुढे धरले, स्वतःचे मनगट शेजारी धरले आणि काजळ लावले. यंत्र नापास झाले. त्याने धुतले, तिने लावले. चौथ्या खेपेला तो जरा लाजून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? ही चाचणी बरोबर आहे."

"लिहून द्या."

"लिहून नाही देता येत."

आठ दिवस गाडी भरून जिल्ह्याला गेली. पेठेतल्या बायका ताटकळल्या, थंडगार जेलीने शहारल्या, संतापल्या. शैलजाताईंनी आमदारांना फोन केला, आमदारांनी सचिवांना. गंगी आणि हुसेनबीच्या मरणाने जो कागद तसूभर हलला नव्हता, तो शैलजाताईंच्या हुकलेल्या हळदीकुंकवाने राजधानीपर्यंत धावत गेला. नवव्या दिवशी आदेश निघाला: महिलांची होणारी गैरसोय लक्षात घेता, यंत्रात सुधारणा होईपर्यंत हाताने तपासणी करून डॉक्टरांना सुई मागता येईल, चिठ्ठी कुठलीही असो. मेलेल्यांचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या परिच्छेदात, पुतळा विद्रूप केल्याबद्दल सावंत्री परसू सिद्दी यांना सेवामुक्त करण्यात येत होते.

तिने किल्ल्या डॉक्टरांपुढे ठेवल्या. रेणकाचा अहवाल त्याच टपालात आला होता. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. वेगाने वाढणारा प्रकार. काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी, नंतर औषधे. वाचण्याची शक्यता निम्मी.

"पाडव्याला आली असती तर?" सावंत्रीने विचारले.

"कशाला विचारता?"

"मला राग धरायचाय, डॉक्टर. मोजून धरायचाय. किती ते सांगा."

"नव्वद," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "कदाचित जास्त."

ती सरळ मैनगाळीला गेली. रेणकाच्या अंगणात बायका कवंदी पसरून बसल्या होत्या. सावंत्री उभ्यानेच बोलली. ज्या चिठ्ठ्या तिने दिल्या होत्या त्या खोट्या होत्या. सगळ्यांच्या. यंत्राला त्यांच्यातले काही दिसतच नव्हते. आता प्रत्येकीने स्वतःच्या हाताने तपासायचे आणि गाठ लागली की सांबरकोपला जायचे.

नागी म्हातारी टाका थांबवून म्हणाली, "दोन वरसांमागं ह्याच तोंडानं चल म्हणालीस."

"व्हय."

"तवा खरं का आता खरं?"

"आता."

"आनी परवा तिसरंच सांगशील." म्हातारी पुन्हा शिवू लागली. "नोकरी गेली म्हणून मशीनवर दात धरून आलीय ही."

बायकांत कुजबुज झाली. सावंत्रीला प्रशिक्षणातली चित्रे आठवली, गोलाकार बोटे कशी फिरवायची त्याची. ती सांगू लागली तर कुणी वर बघेना. विश्वास एकदाच मागता येतो, आणि तिचा मागून झाला होता.

तेव्हा रेणका घरातून बाहेर आली. एरवी ती विहिरीवरही अंग झाकून नाहणारी बाई. तिने बायकांच्या मध्यभागी बैठक मारली, चोळीची गाठ सोडली आणि म्हातारीचा सुई धरलेला हात पकडला.

"सुई ठेव गे खाली. हात आण."

"आगे, काय करतीस..."

"बघून ठेव. बोटांना कळू दे. हरभरा असताना मला कुणी दाखवलं असतं तर आज लिंबू नसतं." तिने म्हातारीची बोटे गाठीवर दाबून धरली. "गुरुवारी हे कापून काढणार. मग तुमाला दाखवायला माझ्याकडं काय उरणार न्हाई. लाजू नकोस. दाब!"

म्हातारीने दाबले. तिचे तोंड उघडे राहिले. मग तिने शेजारणीला कोपराने पुढे ढकलले.

एकामागून एक बायका पुढे सरकल्या. रेणका ताठ बसून होती. प्रत्येकीच्या हाताला म्हणत होती, "हितं. आता कडंनं फिरव. हाललं का? न्हाई हालत. असं न हालणारं लागलं की पळायचं." कुणी फार हलके हात लावला की खेकसत होती, "मी काय देव हाय का पाया पडायला? नीट चाचप!" दोघी-तिघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. सावंत्री उंबऱ्याशी टेकून उभी होती. तिला रडू येत नव्हते. तिच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता, नव्वदातून चाळीस गेले.

सतरावी मालू होती. एकोणतीस वर्षांची, अंगावर पिणारे पोर शेजारणीकडे देऊन आलेली. तिने रेणकाच्या गाठीवर बोटे ठेवली, कडेने फिरवली, पुन्हा फिरवली. मग हात काढला आणि काही न बोलता तो स्वतःच्या पदराखाली नेला. उजवीकडे, वर. तिथून तो हात हलला नाही.

सावंत्री उंबऱ्यापासून पुढे आली.

"किती दिवस झाले?" सावंत्रीने विचारले.

"मला वाटलं दुधाची गाठ," मालू म्हणाली. "चिठ्ठी हिरवी होती ना."

सावंत्रीने तिचे पोर शेजारणीकडून घेऊन आपल्या कडेवर मारले आणि मोकळ्या हाताने मालूला उठवले. सांबरकोपची बस नाक्यावरून सुटायला पंधरा मिनिटे होती.

"चल," ती म्हणाली. "तू अजून हरभराच असशील."